माणसे बदलली, तर देवाच्या योजनेवर भरवसा कसा ठेवावा?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
यजमान नोकरीत होते तोवर आमच्या घरी माणसांचा राबता असे. ते निवृत्त झाले, पाठोपाठ आजारी पडले, आणि ज्यांच्या अडीअडचणीला आम्ही धावून गेलो होतो, ते आप्त आता लग्नकार्यात भेटले तरी दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत. खजराण्याच्या गणपतीसमोर हात जोडले की मनात येते, हे त्याच्याच इच्छेने घडत असेल तर मी मुकाट्याने सोसावे का? त्यांच्याशी स्पष्ट बोलले, तर माझी श्रद्धा उणी ठरेल का?

उत्तर १
ताई, सोसणे आणि भरवसा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अहिल्याबाईंचेच पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव. अशा वेळी होळकरांचेच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी पेशव्यांचे काका राघोबादादा यांच्याशी संधान बांधले आणि दौलत बाईंच्या हातून जाण्याची वेळ आली. बाई देवघरात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी इतर सरदारांना पत्रे धाडली, तुकोजी होळकरांना फौजेसह उभे केले आणि माधवराव पेशव्यांची मान्यता मिळवली. तरीही राज्य शंकराचे आहे, आपण केवळ ते सांभाळतो, या भावनेने त्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ असे लिहीत. मला यात फार मोठा आधार वाटतो. आपले स्थान दिवाणाच्या निष्ठेवर अवलंबून नाही, हे ज्याला मनापासून पटले आहे, तोच न चिडता आणि न घाबरता करायचे ते करू शकतो. आपण अवश्य बोला.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु नातेवाइकांना दिवाणांच्या रांगेत बसवू नये. आजारी माणसाच्या घरी काय बोलावे हे न सुचल्यामुळेही पुष्कळ जण दूर राहतात आणि मग संकोचाने अधिकच दुरावतात. काहींनी खरोखरच पाठ फिरवली असेल. ती माणसे परत येतीलच, असे वचन देवाने कोणालाही दिलेले नाही. मात्र त्याची योजना शोधताना कोण गेले एवढेच पाहू नये. त्या आजारपणात आपल्या दारी कोण आले होते?

प्रश्नकर्ती
वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले होते. यजमान रुग्णालयात असताना त्यांच्या घरून रोज डबा येत असे, आणि रात्री सोबतीला त्यांचा मुलगा थांबत असे. त्यांची आमची त्याआधी फारशी ओळखही नव्हती. या रविवारी मी नणंदेकडे जाणार आहे, जाब विचारायला नव्हे, तर तिची विचारपूस करायला. तिने तोंड फिरवले तर पुढे काय करावे, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.