मदत हवी आहे: स्लाइडवरच्या टिटॅनिया फिल्ममध्ये अनाटेझ का दिसत नाही?

प्रश्न

नमस्कार मंडळी. टिटॅनियम डायऑक्साइडच्या (टिटॅनियाच्या) सोल-जेल फिल्मबद्दल, म्हणजे द्रावणातून काचेवर चढवलेल्या पातळ थराबद्दल, मदत हवी आहे. त्यात अनाटेझ हे टिटॅनियाचं स्फटिकरूप हवंय. ठिकाण बेळगाव, महिना जुलै. हे मुद्दाम सांगतोय, कारण याच कृतीच्या मार्चमधल्या फिल्म निदान काचेसारख्या पारदर्शक होत्या.

कृती अशी: टीटीआयपी (टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड) १० मिली, ॲसिटिलॲसिटोन ३.५ मिली, अल्कोहोल ५५ मिली, पाणी ०.६ मिली. ॲब्सोल्यूट अल्कोहोल संपल्यामुळे जूनपासून रेक्टिफाइड स्पिरिट वापरतोय. साधी मायक्रोस्कोप स्लाइड, स्पिन कोटरवर (थर पसरवणाऱ्या फिरत्या डिस्कवर) ३००० आरपीएम, ३० सेकंद, एकूण पाच थर. प्रत्येक थर १०० अंश सेल्सिअसला वाळवतो, शेवटी मफल भट्टीत ४५० ला एक तास. चढ मिनिटाला १० अंश.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) २० ते ३५ अंशांच्या मध्ये नुसता रुंद फुगवटा येतो. मार्चमध्येही तसाच होता. क्वार्ट्झवर मात्र तोच सोल (थराचं द्रावण) २५.३ ला अनाटेझचं पीक, म्हणजे आलेखातला टोकदार उंचवटा, देतो. आता फिल्म दुधाळ येते आणि चिकटपट्टी ओढली की पापुद्रे निघतात. भट्टी ६०० वर नेली तर स्लाइडच वाकली. तापमान आणखी कसं वाढवावं?

प्रतिसाद १

तापमान वाढवू नका. क्वार्ट्झवर पीक येतं आणि स्लाइडवर येत नाही, यातच अर्धं उत्तर आहे. स्लाइडची काच सोडा-लाइम असते. गरम होताना तिच्यातलं सोडियम वर फिल्ममध्ये शिरतं आणि अनाटेझचे स्फटिक तयार होणं लांबवतं. जितकं तापवाल तितकं सोडियम जास्त. ६०० च्या आसपास सोडियम टिटॅनेटची नको ती पीकही दिसू लागतात. शिवाय ५५० च्या पुढे ही काच आकार धरत नाही.

मध्ये सिलिकाचा अडसर घाला. टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, यातून सिलिका बनते) १० मिली, अल्कोहोल ४० मिली, पाणी ३.२ मिली, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मिली, झाकून रात्रभर ढवळा. स्लाइडवर दोन थर द्या, ५०० ला तासभर भाजा, त्यावर टिटॅनिया.

दुसरं, मोजणी. दोन-अडीचशे नॅनोमीटरच्या फिल्मवर नेहमीच्या पद्धतीने एक्सआरडी घेतली तर किरण बहुतेक काचेतच जातात. तुमचा फुगवटा काचेचा आहे. नमुने धारवाडला पाठवा की कोल्हापूरला, विद्यापीठात सांगताना ‘ग्रेझिंग इन्सिडन्स, अर्धा ते एक अंश’ (किरण फिल्मला जवळजवळ समांतर) असं स्पष्ट लिहून द्या. फिल्मची बाजू कळावी म्हणून मागे डायमंड पेन्सिलने खूण करा.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण दुधाळपणाचं कारण वेगळं आहे: पाणी. आणि ते दोन वाटांनी येतंय.

पहिली वाट स्पिरिट. त्यात सुमारे ५ टक्के पाणी, म्हणजे ५५ मिलीत जवळपास २.७ मिली. टिटॅनियमच्या एका मोलला पाण्याचा एक मोल असं तुम्ही ०.६ मिली मोजून घालता, आणि स्पिरिट न मोजता आणखी साडेचार मोल घालतं! ॲसिटिलॲसिटोन काही काळ सांभाळतं, सोल पिवळा स्वच्छ दिसतो, पण आतले कण जाड होत जातात. ॲब्सोल्यूट अल्कोहोलच आणा आणि ३०० अंशांना तीन तास तापवून गार केलेल्या ३ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवा.

दुसरी वाट हवा. आपल्याकडे झड लागली की खोलीतली आर्द्रता सहज ८५ च्या वर असते. डिस्क फिरताना अल्कोहोल झपाट्याने उडतं, ओली फिल्म थंड पडते आणि तिच्यावर दव धरतं. तिथेच टीटीआयपीचे भरड गोळे होतात, चिकटण्याची ताकद जाते. स्पिन कोटरवर ॲक्रिलिकचा डबा बसवा, आत सिलिका जेलची पसरट थाळी आणि एक हायग्रोमीटर ठेवा. काटा ४० टक्क्यांखाली आल्याशिवाय थेंब टाकू नका. जेल रोज १२० ला भाजून घ्या. अल्कोहोलचा पाचवा भाग एन-ब्युटेनॉल केला तर थर सावकाश वाळतो, तेही उपयोगी पडतं.

प्रतिसाद ३

१०० ला वाळवून ॲसिटिलॲसिटोन जात नाही, त्याचा उत्कलनबिंदूच १४० आहे. पाच थरांखाली ते अडकतं आणि भट्टीत एकदम जळताना फिल्म तडकते. प्रत्येक थर १५० ला ५ मिनिटं, मग ३५० ला १० मिनिटं. शेवटी ५०० ला एक तास, चढ मिनिटाला २ ते ३ अंश. भट्टीचं हवेचं भोक उघडं ठेवा. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन राहून फिल्म तपकिरी होते. स्लाइडजवळ वेगळा थर्मोकपल ठेवून आकडा पडताळा, भट्टीच्या डिस्प्लेवर विसंबू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सिलिकाचा अडसर, डबा, नवीन अल्कोहोल, सगळं केलं. फिल्म स्वच्छ आली, चिकटपट्टीलाही टिकली. २५.३ ला पीक आहे, रुंदी ०.५ अंश. पण ३७.८ चं पीक अपेक्षेपेक्षा उंच आहे. रुटाइल (टिटॅनियाचं दुसरं स्फटिकरूप) मिसळलंय का?

प्रतिसाद १

रुटाइलचं मुख्य पीक २७.४ ला येतं. तिथे काही नसेल तर काळजी नको. ३७.८ हे अनाटेझच्या (००४) स्फटिक-प्रतलांचं. ते उंच म्हणजे बरेच कण सी-अक्ष वर करून उभे आहेत. म्हणूनच पीकच्या उंचीवरून प्रमाण काढायची पावडरची सूत्रं इथे लावू नका. शेरर सूत्राने (पीकच्या रुंदीवरून कणाचा आकार) तुमचा कण सुमारे १६ नॅनोमीटर येतो. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली की थोडा मोठा. साधारण १४ नॅनोमीटरखाली अनाटेझ रुटाइलपेक्षा स्थिर असतं, त्या मर्यादेच्या तुम्ही किंचित पुढे आहात, त्यामुळे विनाकारण जास्त वेळ भाजू नका. खात्रीसाठी रामन वर्णपट घ्या: अनाटेझची १४४ सेमी⁻¹ ची रेषा फार ठळक असते. मात्र सिलिकॉनवर फिल्म असेल तर ५१५ ची रेषा सिलिकॉनच्या ५२० खाली झाकली जाते, तिच्यावरून काही ठरवू नका.