क्राकेन हा खरा प्राणी होता, असे म्हणता येईल काय?

सागरगोटा:
नॉर्वेच्या कोळ्यांच्या कथांमधील क्राकेन हा समुद्री राक्षस म्हणजे प्रत्यक्षात महाकाय माकूल (स्क्विड), हे स्पष्टीकरण मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की त्यावर कोणी शंका घेत असेल असे मला वाटत नव्हते. अलीकडे मात्र बर्गेनचे बिशप एरिक पाँटोपिडान यांनी १७५२-५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉर्वेच्या निसर्गवर्णनातील संबंधित भाग इंग्रजी भाषांतरातून वाचला आणि गोंधळात पडलो. त्यांच्या सांगण्यानुसार उन्हाळ्यातील शांत दिवशी कोळी किनाऱ्यापासून काही मैल आत जातात, ८० ते १०० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी अपेक्षित असताना दोरी २० ते ३० वावांवरच टेकते, आणि त्या जागी मासळी अमाप मिळते; यावरून खाली क्राकेन आहे हे त्यांना उमगते. पाणी आणखी उथळ होऊ लागले की ते वल्ही मारून दूर पळतात, आणि मग जी पाठ वर येते तिचा घेर सुमारे दीड मैल असून ती लहान लहान बेटांच्या समूहासारखी दिसते. हे वर्णन माकुलाचे आहे असे मानण्यास आधार कोणता? की खरा प्राणी सापडल्यावर जुनी कथा आपण त्याच्या गळ्यात बांधली?

गलबत:
आपण त्याच परिच्छेदातील एक तपशील सोडला आहे. पाठ वर आल्यानंतर पाण्यातून चकचकीत शिंगे निघतात, ती वाढत जाऊन मध्यम आकाराच्या जहाजाच्या डोलकाठीएवढी उंच होतात, आणि ते त्या प्राण्याचे हात असावेत, असे पाँटोपिडान यांनी नोंदवले आहे. देवमाशाला किंवा बेटाला असे हात नसतात.

शिवाय या प्रकरणात शास्त्रज्ञांच्या आधी कोळीच बरोबर ठरले होते, हे विसरता कामा नये. १८५३ मध्ये डेन्मार्कच्या युटलंड किनाऱ्यावर एक मोठे धूड वाहून आले; लोकांनी ते आमिषासाठी कापून नेले आणि मागे उरलेली चोच यापेटुस स्टीनस्ट्रुप या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती लागली. तिच्या आधारे त्याने १८५७ मध्ये महाकाय माकुलाला आर्किट्युथिस हे शास्त्रीय नाव दिले. १८६१ मध्ये आलेक्तों या फ्रेंच जहाजाने तेनेरिफजवळ असाच प्राणी गाठला, पण दोरखंडाचा फास आवळताच शरीर तुटून केवळ शेपटाचा तुकडा हाती आला. १८७३ मध्ये न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांनी एका माकुलाचा हात तोडून आणला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जवळपास अख्खा नमुना जाळ्यात सापडला. मोझेस हार्वे या धर्मोपदेशकाने तो विकत घेऊन, घरातील न्हाणीच्या दांडीवर टांगून त्याचे छायाचित्र काढवले. जिवंत प्राण्याचे त्याच्या अधिवासातील पहिले छायाचित्र मात्र २००४ मध्ये, जपानच्या ओगासावारा बेटांजवळ सुमारे ९०० मीटर खोलीवर त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांना मिळाले. एवढा मोठा प्राणी इतका काळ दृष्टीआड राहू शकतो, हे लक्षात घेता जुन्या साक्षी झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

कातळशिल्प:
हातांचा मुद्दा मान्य आहे, परंतु उरलेल्या वर्णनाचे काय करायचे? महाकाय माकुलाची १२-१३ मीटर लांबी सांगितली जाते, तिच्यातील मोठा भाग केवळ दोन लांब सोंडांचा असतो. हात आणि डोके वगळता धड जेमतेम दोन मीटर भरते. तो काही शे मीटर खोल राहतो. त्याच्या शरीरात अमोनियाचे क्षार असल्यामुळे मेल्यावर तो तरंगतो, आणि म्हणूनच वर दिसणारे बहुतेक नमुने मेलेले किंवा मरणासन्न असतात. असा प्राणी मासळीचे थवे जमवून ठेवीत नाही.

मासळी जमवणारा प्राणी दुसरा आहे आणि तो पाँटोपिडान यांच्याही पाचशे वर्षे आधीचा आहे. तेराव्या शतकातील 'राजाचा आरसा' या अर्थाच्या नावाच्या नॉर्वेजियन ग्रंथात हाफगुफा नावाच्या जलचराविषयी लिहिले आहे, की तो ढेकर देऊन खाद्य बाहेर टाकतो, त्याच्या वासाने मासे गोळा होतात, आणि तो तोंड उघडे ठेवून ते आत येण्याची वाट पाहतो. ही निव्वळ कल्पना समजली जात असे. मात्र २०११ नंतर व्हँकुव्हर बेटाजवळील कुबड्या देवमासे आणि थायलंडच्या आखातातील ब्रीड देवमासे नेमके हेच करताना नोंदवले गेले: जबडा पाण्याच्या पातळीवर उघडा ठेवायचा, स्वतः स्थिर राहायचे, आणि आसऱ्यासाठी आत शिरलेल्या माशांवर तोंड मिटायचे. हाफगुफा म्हणजे हीच सवय असावी, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले. पाँटोपिडान यांचा क्राकेनदेखील पाणी गढूळ करून मासे ओढतो, हे पाहता ती जुनी कथा त्याच्यात उतरली असावी असे माझे मत आहे.

वेंगुर्लेकर:
आपल्याकडील तिमिंगिल आठवा. तिमि या प्रचंड माशाला गिळणारा तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल! आकार वाढवत नेण्याची हौस केवळ नॉर्वेची नव्हती.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते सडलेल्या धुडाचे. किनाऱ्यावर लागलेला देवमासा काही दिवसांनी ओळखू येत नाही. आमच्या किनाऱ्यावर मी असा गोळा स्वतः पाहिला आहे, आणि मणका दिसेपर्यंत तो कशाचा आहे यावर जाणत्या माणसांतही एकमत नव्हते. १८९६ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे असाच गोळा लागला. न्यूफाउंडलंडच्या माकुलांचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या ॲडिसन व्हेरिल यांनी तो न पाहता प्रचंड अष्टपाद (ऑक्टोपस) ठरवून त्याला नावही दिले, आणि नमुना हाती आल्यावर तो देवमाशाचा असल्याचे सांगून आपले म्हणणे मागे घेतले. या विषयातील सर्वांत जाणकार माणसाची जिथे फसगत झाली, तिथे होडीतून पाहणाऱ्याला दोष कसा द्यावा?

जाता जाता, वर्तमानपत्रे जिला 'व्हेलची उलटी' म्हणतात ती खरे तर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आणि तिच्यात माकुलांच्या न पचलेल्या चोची सापडतात.

सागरगोटा:
सर्वांचे आभार. म्हणजे हात माकुलाचे आणि मासळी जमवण्याची रीत देवमाशाची, असे धरून चालू. पण २० वावांवर टेकणारी दोरी या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

गलबत:
दीड मैल घेराचा प्राणी खाईल काय, हा प्रश्न विचारला की तो पर्याय माझ्यापुरता संपतो, हे मीही मान्य करतो. दोरीबाबत माझा तर्क साधा आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळचा तळ अतिशय उंचसखल आहे, आणि पाण्याखालील उंचवट्यांवर मासळी अधिक मिळते, हे कोणत्याही कोळ्याला ठाऊक असते. वाऱ्याने किंवा प्रवाहाने होडी थोडी सरकली आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडली नाही, तर काल खाली जे होते ते बुडून गेले, असेच तो म्हणणार.