'सायलेंट विटनेस': शव तपासणाऱ्या डॉक्टरने संशयितांच्या दारात जावं का?

कवडसा
१९९६ साली बीबीसीवर सुरू झालेली 'सायलेंट विटनेस' ही मालिका मला मनापासून आवडते. आधी अमांडा बर्टनची सॅम रायन, २००४ पासून एमिलिया फॉक्सची निकी अलेक्झांडर. दोघींनी शवविच्छेदनाच्या कामाला पडद्यावर मान मिळवून दिला. म्हणूनच एक गोष्ट फार खटकते. शव तपासणारी डॉक्टरच संशयितांची दारं ठोठावते. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूचं शवविच्छेदन होम ऑफिसच्या नोंदणीतला न्यायवैद्यक तज्ज्ञ करतो, चौकशी पोलीस करतात. नवऱ्याला प्रश्न विचारून आलेल्या डॉक्टरला बायकोच्या मानेवरचा पुसट डाग बोटांचा वाटायला लागतो. बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल.

तळटीप
नाही पटलं. पार्श्वभूमीच माहीत नसेल तर तपासणी अर्धवट होते. घरात इन्सुलिन होतं हे कळलं तरच डॉक्टर टोचल्याची खूण शोधेल आणि तिथली त्वचा खालच्या चरबीसकट कापून ठेवेल. नेहमीच्या विषचाचणीत इन्सुलिन दिसत नाही. रक्तसुद्धा लगेच सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात जोरात फिरवून पेशी बाजूला काढून, वेगळं गोठवावं लागतं, नाहीतर फुटलेल्या तांबड्या पेशी त्यातलं इन्सुलिन नष्ट करतात. ही माहिती घरच्यांशी बोलूनच मिळते.

कवडसा
ती पोलिसांच्या टिपणातूनही मिळते, नवऱ्यासमोर बसायची गरज नाही. आणि मनात आधीच निकाल लागला की हात कुठे घसरतो ते बघा. गळा दाबल्याची शंका असेल तर मान सगळ्यात शेवटी उघडायची असते. आधी मेंदू काढायचा, मग छातीतले अवयव, मानेतलं रक्त निथळू द्यायचं आणि त्यानंतर स्नायू एकेक थर सोडवत आत जायचं. घाईने मान आधी उघडली तर भरलेल्या शिरांतून रक्त पाझरतं, अन्ननलिकेमागे, मणक्यांच्या पुढे लाल चट्टा उमटतो. याला प्रिन्स्लू-गॉर्डन आर्टिफॅक्ट म्हणतात. हुबेहूब गळा दाबल्यासारखा दिसतो, आणि तो डॉक्टरनेच तयार केलेला असतो!

निशांत
मानेच्या क्रमाचा मुद्दा बिनतोड आहे. पण या प्रकारच्या मालिकांचा याहून मोठा दोष म्हणजे मृत्यूची वेळ. कपाळावर हात ठेवून 'दहा ते अकराच्या दरम्यान' असं सांगणं निव्वळ चूक आहे. गुदाशयातलं तापमान, आसपासचं तापमान, शवाचं वजन, कपडे, ओल, वारा हे सगळं हेन्सगेच्या आलेखात, म्हणजे शव किती थंड झालं त्यावरून मृत्यूची वेळ काढायच्या तक्त्यात, बसवलं, तरी अनुकूल परिस्थितीत ९५ टक्के खात्रीचं उत्तर २.८ तास अलीकडे-पलीकडे असतं. म्हणजे साडेपाच तासांहून मोठा पट्टा. मृत्यूच्या वेळी अंगात ताप असेल तर गणित आणखी बिघडतं. शिवाय लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आधी स्वॅब, मग थर्मामीटर. तोवर शव थंड होतच असतं. हे दाखवलं नाही तर प्रेक्षकाला एका तासाच्या हिशोबावर माणूस दोषी ठरवता येतो असं वाटत राहतं.

तळटीप
वेळेबद्दल पूर्ण सहमत. पण त्याने माझंच म्हणणं बळकट होतं. पट्टा इतका रुंद असेल तर मृत व्यक्तीला शेवटचं कोणी, कधी पाहिलं हे डॉक्टरला कळायलाच हवं.

कवडसा
कळू दे, पण तापमान आणि त्यावरून काढलेला पट्टा वेळ घालून लिहून झाल्यावर. मग साक्षीदार 'नऊला पाहिलं' म्हणाला तर त्याची खाली वेगळी नोंद, वरचा आकडा न खोडता. पडद्यावर हे दाखवायला अर्धं मिनिट पुरेल, आणि निकीला त्यासाठी कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसावं लागणार नाही.