छाटणीच्या कामासाठी छोटा टिपर: कोणता घ्यावा, पासिंग कसं करावं?

छाटणी_पुणे:
पुण्यात सोसायट्यांची झाडं छाटण्याची कामं घेतो. फांद्या, पाला आणि अधूनमधून गुलमोहर-पर्जन्यवृक्षाचे ओंडके असतात. आतापर्यंत भाड्याचा पिकअप लावतो, आता स्वतःचा टिपर (हौदा उचलून माल ओतणारी गाडी) घ्यायचा आहे. टाटाची इंट्रा व्ही५० (छोटा पिकअप) घेऊन त्यावर हौदा उचलणारा जॅक बसवावा की सरळ टाटा ४०७ (छोटा ट्रक) वर्गातला टिपर? जाळीचा हौदा ५ फूट उंच करायचा विचार आहे. पुढे चिपरही (फांद्यांचा भुस्सा करणारं यंत्र) घेईन. लायसन्स साधं एलएमव्हीचं (हलक्या वाहनाचं) आहे, ते चालेल का? आणि माणसं मागे बसवली तर अडचण येते का?

वजनकाटा:
आधी माल बघा, गाडी नंतर. तुमच्याकडे तीन वेगळे माल आहेत आणि तिघांचं वजन एकमेकांशी जुळत नाही. सुट्या फांद्या घनमीटरला साधारण १०० ते १५० किलो भरतात. चिपरमधून निघालेला ओला भुस्सा ३०० ते ३५०. ओलं लाकूड भरीव मोजलं तर ९०० च्या आसपास. दोन फूट व्यासाचा, तीन-सव्वातीन फूट लांबीचा एकच ओंडका अडीचशे किलोचा असतो, दिसायला मात्र तेवढा वाटत नाही.

आता ९ बाय साडेपाच फुटांचा हौदा ५ फूट उंच केला तर ७ घनमीटर जागा होते. फांद्यांनी भरला तर ७०० ते १००० किलो, काही हरकत नाही. तोच हौदा भुस्स्याने काठोकाठ भरला की दोन टनांच्या वर जातो. ओंडक्यांनी भरला तर बोलायलाच नको.

व्ही५० चं मालासकट कमाल एकूण वजन (जीव्हीडब्ल्यू) २९४० किलो, भारक्षमता दीड टन. त्या दीड टनातून जॅक, सबफ्रेम (हौद्याखालची चौकट), पंप आणि जाळी मिळून चारशे-साडेचारशे किलो वजा करा. ही गोष्ट शोरूमवाला सांगत नाही. हातात साधारण १०५० किलो उरतात, म्हणजे भुस्सा सव्वादोन फुटांपर्यंत आणि ओंडके, मधल्या फटी धरून, जेमतेम दीड फुटापर्यंत. हौद्याच्या आतल्या बाजूला या दोन उंचींवर रंगाचे पट्टे मारून घ्या. भरणाऱ्या माणसाला किलो दिसत नाहीत, पट्टा दिसतो.

नुसत्या फांद्या असतील तर व्ही५० भरपूर झाली. चिपर नक्की येणार असेल तर पाच टन जीव्हीडब्ल्यूच्या खालचं काही घेऊ नका.

आरटीओ_कागदपत्र:
लायसन्सचं सांगतो. ७५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलं आहे. त्यामुळे ४०७ सुद्धा चालेल.

परमिटची रेषा ३००० किलोवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये त्याखालच्या मालवाहू गाडीला परमिटमधून सूट आहे. व्ही५० तिथे बसते, ४०७ बसत नाही. फिटनेस, व्यावसायिक विमा आणि पीयूसी मात्र दोघांनाही लागतात. नवीन गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी.

खरी गफलत होते ती बॉडीत. आरसीवर साधा हौदा लिहिलेला आणि रस्त्यावर टिपर, हा कलम ५२ चा भंग आहे. मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. म्हणून चेसिस-कॅब घ्या, मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून टिपर बॉडी जाळीसकट करून घ्या, त्याच्याकडून फॉर्म २२-ए चा दुसरा भाग (बॉडी नियमांनुसार बांधल्याचं प्रमाणपत्र) भरून घ्या आणि मग पासिंगला न्या. नोंदणीनंतर जाळी वाढवायची झाली तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही घ्या. आरसीवर डंपर अशी नोंद झाली तर नियम ११८ नुसार स्पीड गव्हर्नर ताशी ६० किमीला लॉक लागतो.

ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २०००. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, उतरवायचा खर्चही तुमचाच. आणि हे छाटणीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं: वजन मर्यादेत असलं तरी फांद्या बाजूने, मागे किंवा उंचीने परवानगीबाहेर गेल्या तर तोच २०,००० चा दंड आहे. वर जाळी किंवा ताडपत्री टाकून दोर आवळा, मागे लोंबणारी फांदी करवतीने उडवा.

माणसं हौद्यात अजिबात नकोत. आरसीवर जेवढी आसनं, तेवढीच केबिनमध्ये. बाकीच्यांना दुसऱ्या वाहनाने पाठवा. केबिनमधल्या कामगारांचं दायित्व पॉलिसीत जादा हप्ता भरून लिहून घ्या.

जॅक_फिटर:
४०७ वर्गात गिअरबॉक्सच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद जॅकच्या पंपाला देणारा जोड) चालणारा जॅक घ्या. छोट्या गाडीत बॅटरीवरचा पॉवरपॅक (मोटर आणि पंप) बसवतात. तो चालतो, पण इंजिन चालू ठेवूनच उचलायचा, नाहीतर चार-पाच उचलीत बॅटरी बसते.

मागचं फाळकं वर बिजागरी असलेलं घेऊ नका. रेती-खडीला ते ठीक आहे. फांद्या एकमेकांत गुंततात, हौदा ४५ अंशांवर गेला तरी गठ्ठा फाळक्यापाशी अडकून बसतो. मग सगळं वजन वर आणि मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जमीन जरा तिरपी असली की गाडी आडवी. कपाटासारखी दोन दारं बाजूला उघडणारी करा, ती उघडून बाजूला अडकवायची आणि मगच हौदा उचलायचा. फांद्या भरताना जाड बुंधा मागच्या दाराकडे, शेंडे केबिनकडे. अशा भरल्या की सरकत बाहेर येतात. आतून पत्रा गुळगुळीत हवा, खिळा-बोल्टाचं डोकंसुद्धा वर नको.

हौदा वर असताना खाली हात घालायचा तर आधी लोखंडी टेकू. होज (जॅकची तेलाची नळी) फुटला की हौदा सावकाश येत नाही, कोसळतो. उचलण्याआधी वर विजेच्या तारा बघा. निघताना हौदा पूर्ण बसला आणि पीटीओ सुटला याची खात्री करा.

छाटणी_पुणे:
खूप उपयोगी, धन्यवाद. ओंडके वखारीला नेताना झाडाचे वेगळे कागद लागतात का?

आरटीओ_कागदपत्र:
लागतात. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडणंच धरलं आहे, म्हणून नुसत्या छाटणीलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या आणि प्रत गाडीत ठेवा. लाकूड बाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना बघावा लागतो. काही जातींना सूट आहे, पण साग, खैर, चंदन असेल तर परवान्याशिवाय हलवूच नका, कारण मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. जात कोणती ते लिहून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आधी विचारा, आता अर्ज ऑनलाइनही होतो.

वजनकाटा:
एक राहिलं. बॉडी बसल्यावर पासिंगआधी रिकामी गाडी, टाकी फुल करून, काट्यावर घाला आणि पावती जपून ठेवा. जीव्हीडब्ल्यूमधून ते वजन आणि केबिनमधल्या माणसांचं वजन वजा केलं की उरेल तोच तुमचा खरा माल. रंगाचे पट्टे त्या आकड्यावरून मारा, माझ्या वरच्या हिशेबावरून नको.