वॉशिंग मशीन नाही, बोअरचं पाणी आणि कापडी डायपरला उग्र वास, माझं नक्की काय चुकतंय?

चिऊची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे, आम्ही वाघोलीत भाड्याने राहतो, घरात मशीन नाही आणि पुढच्या वर्षी घर बदलायचंय म्हणून आत्ता घेणारही नाही. बाळंतपण माहेरी झालं, तिथे आईने लंगोटच वापरले. इकडे आल्यावर मी पॉकेटवाले कापडी डायपर घेतले, १२ आहेत, सोबत पॉकेटमध्ये सारायच्या शोषणाऱ्या घड्या म्हणजे इन्सर्ट, मायक्रोफायबरचे १२ आणि बांबूचे ६.

पहिला महिना मस्त गेला. आता दोन-तीन आठवडे झाले, धुऊन वाळवल्यावर काही वास नसतो पण तिने एकदा शू केली की नाकात जाईल असा उग्र वास येतो आणि मांडीच्या बाजूने गळतंही. काल तर जांघेत लालसर चट्टे दिसले, मला रडूच आलं.

मी असं धुते: शूचे डायपर दिवसभर झाकणाच्या बादलीत पाण्यात टाकून ठेवते, रात्री ती झोपली की लिक्विड घालून हाताने धुते. वास यायला लागला म्हणून लिक्विड वाढवलं, शिवाय मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात कंडिशनर घालते. पाणी बोअरचं, कधी टँकरचं. धुण्याच्या मावशी म्हणाल्या की शी-शूचं मी धुणार नाही, ते मला पटतं, त्यांना आग्रह नाही केला. सासूबाई म्हणतात कशाला त्रास, विकतचे घाल. पण मला मनापासून कापडीच चालू ठेवायचेत. त्यात पाऊस तोंडावर आलाय. मशीनशिवाय कुणी केलंय का? प्लीज सविस्तर सांगा.

रानजाई

चिऊची आई, आधी चट्ट्यांचं. दिवसातून तीन-चार वेळा तिला अर्धा अर्धा तास मोकळं ठेव, खाली दुपटं आणि त्याखाली रबरी शीट. दोन दिवसांत कमी नाही झालं किंवा चट्ट्यांच्या कडेने बारीक पुटकुळ्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखव. फंगल असलं तर औषधच लागतं, पावडर थापून जात नाही.

आता वासाचं. माझी दोन्ही मुलं कापडी डायपरवर वाढली, पहिल्याच्या वेळी मशीन नव्हतं आणि आमच्याकडेही बोअरच होतं, त्यामुळे तू लिहिलंस ते वाचतानाच कळलं. तुझ्या इन्सर्टमध्ये साबण अडकलाय गं. जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून आपण साबण वाढवतो, हाताने तो पूर्ण निघत नाही, पाण्यातला क्षार आणि साबण मिळून धाग्यात बसतात, त्यात शू अडकते आणि पुढची ओली शू आली की अमोनियाचा वास सुटतो. कंडिशनरने तर धाग्यावर थर चढतो, कापड पाणी ओढतच नाही, म्हणून गळतं. ते आजच बंद कर.

खात्री करायची तर धुतलेला वाळलेला एक इन्सर्ट घे, पांढऱ्या टबात कोमट साधं पाणी, साबण अजिबात नाही, आणि त्यात तो पाच मिनिटं चुरगळ. पाणी दुधाळ झालं किंवा फेस आला तर तो जुना साबण आहे.

उपाय कंटाळवाणा आहे पण एकदाच करायचाय. सगळे इन्सर्ट कडकडीत नाही, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजव, मग साध्या गरम पाण्यातून काढत राहा, फेस येणं थांबेपर्यंत. मला सात पाणी लागली होती. बाहेरचं कव्हर मात्र गरम पाण्यात नको, उकळायचं तर मुळीच नाही, त्याच्या आतला प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो आणि मग ते कायमचं गळतं. कव्हर पिळायचंही नाही, तळहातात दाबून पाणी काढायचं.

रोजचं माझं असं होतं. डायपर काढला की लगेच इन्सर्ट बाहेर, नळाखाली थंड पाण्याने शू जाईपर्यंत धुवायचं, दाबायचं आणि जाळीच्या उघड्या टोपलीत टाकायचं. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, झाकण तर नाहीच, त्याने वास वाढतो, आणि पोरगी रांगायला लागली की भरलेली बादली घरात ठेवणं धोक्याचं आहे, अगदी वीतभर पाण्यातसुद्धा. मग दिवसातून एकदा सगळं मिळून कोमट पाण्यात साधी पावडर, १२ इन्सर्टना दीड-दोन चमचे बास, अर्धा तास भिजवून धुणं. सिंक तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप नवा कोरा आणून फक्त यासाठी ठेवला होता, बादलीत पाच-सात मिनिटं वरखाली केलं की मशीनसारखं पाणी आरपार जातं आणि हात, कंबर दोन्ही वाचतात. रात्रीचा डायपर सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी.

आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही वापरू नकोस, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

पागोळी

मी चिपळूणची, नातीचं सगळं मीच करते, सून नोकरीला जाते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही, त्यामुळे वाळवण्याबद्दल मी सांगते.

ते जाड शिवलेले इन्सर्ट पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत, बांबूचे तर नाहीच, आणि आतून दमट राहिले की कुबट वास धरतात. आम्ही काय केलं, जुनं धोतर फाडून हात-सव्वा हाताचे चौकोन केले, कडेला टीप मारली, त्याची घडी घालून त्या पॉकेटमध्येच सारली. कव्हर नवीन, आत कापड आजोबांचं. उलगडलं की एक पदरी कापड, पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतं, धुवायलाही हलकं कारण साबण अडकायला जागाच नाही. रात्रीसाठी दोन घड्या एकावर एक. नवीन सुती कापड घेतलंस तर आधी चार-पाच वेळा धुऊन घे, कोऱ्या कापडावरून पाणी घरंगळतं.

दमट वाटलं तर सुती घडीवर इस्त्री फिरवायची, कव्हरवर नाही.

आणि एक, पागोळीखाली बादली लावायची. पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्यायच्या, कौलांवरची धूळ निघाली की धरायचं. पावसाचं पाणी मऊ असतं, शेवटची खळबळ त्यात केली की कापड असं मोकळं होतं की हातालाच कळतं. फ्लॅटमध्ये गच्चीच्या पाइपखाली जमेल का बघ बाळा.

निहारचा_बाबा

आमच्याकडे धुण्याचं काम माझं आहे, म्हणून लिहितोय. बायकोचं सिझेरियन झालं होतं, तिला वाकायचं नव्हतं, तेव्हा धरलेलं काम आता अकरा महिने चालू आहे, रोज सकाळी साधारण पस्तीस मिनिटं जातात. चिऊच्या बाबांनाही द्या हे काम, रात्री सगळं तुम्ही एकट्या करताय ते वाचून वाईट वाटलं. रात्रभर फीडिंग करणाऱ्या माणसाने वर बादली घेऊन बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालिशचं तेल हे एक कारण कुणी लिहिलं नाही. आमची आजी खोबरेल तेल लावायची आणि लगेच डायपर, ते तेल आतल्या कापडाला लागलं की तिथे पाणी शोषलंच जात नाही, आमचं गळणं त्याने होत होतं. आंघोळ झाल्यावर नीट पुसून घाला, आणि रॅशचं क्रीम लावायचं असेल तर मध्ये मलमलचा तुकडा ठेवा. मायक्रोफायबर थेट बाळाच्या अंगाला लावू नका, कातडी कोरडी पडते, ते पॉकेटच्या आतच हवं.

वरचं खायला लागल्यावर शी घट्ट होते, तेव्हा कमोडच्या जेटने आधी उडवून टाका, मग काहीच किळस वाटत नाही. डाग राहिला तर ओला असतानाच उन्हात टाका, आपोआप उडतो.

सई_ठाणे

सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त दुसरी बाजू सांगते. मी दिवसा कापडी आणि रात्री-प्रवासात विकतचा असं दोन वर्षं केलं आणि अजिबात वाईट वाटून घेतलं नाही. पाणी आलं नाही, तुला ताप आला, त्या दिवशी विकतचा घाल, दुसऱ्या दिवशी परत सुरू. फक्त तो कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंनी ही लाल ठिपक्याची मोहीमच केली होती आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर गुंडाळून वेगळा द्यायला सांगितलं होतं. उघडा टाकला की तो कुणाला तरी हाताने उचलून वेगळा करावा लागतो.

चिऊची_आई

चार दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना खूप थँक्यू. रानजाई, तू सांगितलंस तसं पांढऱ्या टबात एकच इन्सर्ट टाकला, आणि अगं ताकासारखं पाणी झालं! नऊ पाणी लागली. शेवटच्या तीन पाण्यांना पिण्याच्या पाण्याचा जार वापरला, बोअरचं नको म्हणून. परवापासून वास नाही, चट्टेही फिके पडलेत, दिवसातून बराच वेळ मोकळीच ठेवते.

मायक्रोफायबर बाजूला ठेवलेत. पागोळी काकू, आईला फोन केला, तिने बाबांची दोन जुनी धोतरं काढून ठेवलीत, रविवारी भाऊ घेऊन येतोय. सासूबाईंना धोतराचं सांगितलं तर त्याच म्हणाल्या की आण, टिपा मी मारते. आणि सकाळची बादली आजपासून चिऊच्या बाबांकडे, रबरी पंप त्यांनीच आणलाय.

एकच विचारायचं राहिलं, दोन कव्हरांचं मांडीचं इलॅस्टिक सैल पडलंय, ते टेलरकडून बदलून मिळतं का?

रानजाई

मिळतं की. शिवणीच्या टोकाला छोटी फट उसवायची, जुनं ओढून काढून तेवढ्याच लांबीचं नवं ओवायचं. फक्त टेलरला सांग, मधल्या भागात सुई घालायची नाही, जिथे भोक पडेल तिथून शू झिरपते. मी घरी हातानेच केलं होतं, एका कव्हरला वीस मिनिटं लागली.