लॅपटॉप पूर्ण डेड, बोर्डवर तीन ठिकाणी बीप वाजतोय, शॉर्ट नक्की शोधू कुठे?

सिडकोची_पोरगी:
नमस्कार मंडळी. पप्पांचा सहा वर्षं जुना लॅपटॉप परवा रात्री चालता चालता फट्कन बंद पडला, तेव्हापासून ना लाइट ना फॅन. चार्जर लावला तर चार्जरचा स्वतःचा दिवा चालूच राहतो, विझत नाही, दुसरा चार्जर लावून बघितला तरी तेच. एमजी रोडला एका दुकानात दाखवला, त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले बोर्ड गेला, नवीन टाका, १४ हजार. आता द्राक्षांचा सगळा हिशोब, फवारणीच्या नोंदी, पिंपळगावच्या व्यापाऱ्यांची येणी, सगळं त्यातच आहे, पप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय, मल्टीमीटर घरी आहे, म्हणून मीच खोलला. बीप मोडवर एक प्रोब ग्राउंडला ठेवून दुसरा एकेका कॉइलला लावत गेले तर तीन कॉइलवर बीप वाजला. म्हणजे तिन्हीकडे शॉर्ट आहे का? की प्रोसेसरच गेला?

पंचवटीकर:
ताई, आधी एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) काढ, तो वेगळा कार्ड असेल तर शंभर टक्के बाहेर निघतो, केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लाव आणि पप्पांचा डेटा कॉपी करून घे. मग बोर्डशी कितीही वेळ खेळ. आणि मोजताना बॅटरी काढलेली होती ना?

चिपलेव्हल_सातपूर:
बीपवर विश्वास ठेवू नकोस, मी कळकळीने सांगतो, बीपच्या नादात चांगले बोर्ड भंगारात गेलेले पाहिलेत. बऱ्याच मीटरचा बीप ३०-४० ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतो आणि प्रोसेसरच्या कॉइलवर एक-दोन ओहम, कधी त्याहून कमी येणं हे एकदम नॉर्मल आहे, प्रोसेसर आतून तसाच असतो. त्यामुळे मीटर ओहमवर टाक, सगळ्यात आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय येतं ते लिहून ठेव, तेवढं प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचं. मग चार आकडे दे: चार्जरचा जॅक, दुसऱ्या मॉसफेटनंतरची (मॉसफेट म्हणजे बोर्डवरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) १९ व्होल्टची मेन लाइन, ५ आणि ३.३ व्होल्टच्या कॉइल, आणि प्रोसेसरची कॉइल. चार्जरचा दिवा विझत नाही म्हणजे जॅकवर बहुतेक शॉर्ट नाही, पुढे आहे, चार्जिंग आयसी मॉसफेट चालूच करत नसेल, म्हणून करंट पुढे जात नाही.

सिडकोची_पोरगी:
डेटा निघाला!! पंचवटीकर दादा, खूप खूप आभार, पप्पांना सांगितलं तेव्हा कुठे ते हसले. आता आकडे: प्रोब टेकवून ०.३ ओहम, जॅक २०० किलोओहमच्या वर, मेन लाइन ०.७ म्हणजे खरे ०.४, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट दोन्ही किलोमध्ये, प्रोसेसरच्या दोन्ही कॉइल २.१.

रोड_नाशिक:
मेन लाइनवर सरळ १९ व्होल्टचा चार्जर वायरने जोडून दे, जे खराब आहे ते स्वतःच धूर काढून दाखवेल, आम्ही असंच करायचो.

चिपलेव्हल_सातपूर:
नाही, हे अजिबात करू नका. मेन लाइन आणि प्रोसेसर यांच्यामध्ये मेन लाइनकडच्या बाजूचा मॉसफेट असतो, तो शॉर्ट असेल तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातील, ज्याला एक व्होल्टच्या आसपास लागतं. मग दुरुस्त करायला काही उरत नाही.
पण ताई, तुझे आकडे चांगले आलेत. तो मॉसफेट शॉर्ट असता तर मेन लाइन आणि प्रोसेसरची कॉइल दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा आला असता, तुझ्याकडे ०.४ आणि २.१ आहे, म्हणजे करंट दुसरीकडूनच ग्राउंडला जातोय, माझा अंदाज मेन लाइनवरचा एखादा सिरॅमिक कपॅसिटर. कॉलेजच्या लॅबमध्ये डीसी सप्लाय असेलच. १ व्होल्ट आणि १ अँपिअर लिमिट लाव, काळी वायर स्क्रूच्या भोकाला, लाल वायर मेन लाइनच्या मोठ्या कॅपला (कपॅसिटरला), दोन्ही सोल्डर करून घे, क्लिपमध्येच व्होल्टेज वाया जातं. वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरव आणि बघत बस, जिथे आधी सुकतं तिथे चोर. काही दिसलं नाही तर २ अँपिअरपर्यंत ने, व्होल्टेज वाढवू नकोस.

सिडकोची_पोरगी:
दोन दिवस पाऊस आणि प्रॅक्टिकल यात गेले, आज लॅबमध्ये सरांची परवानगी घेऊन केलं. १ अँपिअरवर काहीच नाही, सगळा बोर्ड सारखाच ओला. २ वर नेलं आणि अर्ध्या मिनिटात मागच्या बाजूला, फॅनच्या खाली, एका कॅपभोवती कोरडा गोल पडला, तांदळाच्या दाण्याएवढा कॅप, वरून काहीच खराब दिसत नव्हता, पुन्हा अल्कोहोल टाकलं तर पुन्हा तोच आधी सुकला. सप्लाय काढून हॉट एअरने तो उचलला तेव्हा खालून मधोमध केसासारखी चीर दिसली. मग मीटर लावला, आकडा वर वर चढत जाऊन ९० किलोच्या पुढे थांबला, मी लॅबमध्ये ओरडलेच. चार्जर लावला, लाइट आली, फॅन फिरला. आता कॅपशिवाय वापरू का?

चिपलेव्हल_सातपूर:
शाब्बास! त्या लाइनवर शेजारी समांतर अजून कॅप असतात म्हणून टेस्टपुरतं चालेल, पण कायम तसं ठेवू नकोस. भंगार बोर्डच्या १९ व्होल्ट लाइनवरूनच त्याच साइजचा काढून लाव, नवीन घेतलास तर २५ व्होल्टचा किंवा त्यावरचा घे, १६ व्होल्टचा कुणी दिला तरी घेऊ नकोस. आणि फॅनचा स्क्रू फार आवळू नकोस, बोर्ड वाकला की असे कॅप तडकतात.

सिडकोची_पोरगी:
२५ व्होल्टचा बसवला दादा. पप्पा आत्ता समोर बसून मागच्या हंगामाची येणी काढतायत.