पिकअपला मोठा अल्टरनेटर: ७५ चा काढून १५० चा टाकला की झालं का?

फिरता_पाना
डिझेल पिकअप आहे. मागे बंद बॉडी, आत छोटं वर्कशॉप; पाण्याचे पंप जागेवर जाऊन दुरुस्त करतो. १००० वॅटचा इन्व्हर्टर, त्यावर ग्राइंडर नाहीतर ड्रिल, आणि २७ वॅटचे चार एलईडी वर्क लाइट, एवढाच पसारा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीवर १२ व्होल्ट ७५ अँपिअर लिहिलंय.

दुखणं असं. गाडी उभी, इंजिन चालू, लाइट लागलेले. ग्राइंडर दाबला की थोडा वेळ बरं चालतं, मग इन्व्हर्टर टीं-टीं करतो आणि बंद पडतो. ऐन कापणीत डिस्क पाइपात अडकून बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी टाकलीय.

मेकॅनिक म्हणतो १५० चा टाकू, विषय संपला. मला नाही वाटत इतक्या लवकर संपेल. वायरिंग तेच चालेल का? इंजिनावर ताण किती येतो?

चाकावरचा
अल्टरनेटर कशाला? बॅटरी मोठी टाका. मी टाकली, तेव्हापासून त्रास नाही.

जुना_वायरमन
टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. बॅटरी मोठी टाकली तर रडणं अर्धा तास उशिरा सुरू होईल, एवढंच.

फिरता पाना, आधी हिशेब बघा. तुमचा इन्व्हर्टर पूर्ण ताकदीनं चालला तर एकटाच ९०-९५ अँपिअर ओढतो. लाइटचे आठ-नऊ वेगळे. आणि डायनामोवर (मी डायनामोच म्हणतो, सवय) ७५ लिहिलंय ते तो जोरात फिरत असताना, साधारण ६००० फेऱ्यांना. इंजिन ८०० वर गुरगुरतंय तेव्हा पुलीच्या गुणोत्तरानं तो जेमतेम २००० फिरतो. तिथे त्यातनं निम्मे निघाले तरी खूप. म्हणजे बाकीचा सगळा करंट बॅटरीतून जातोय, आणि ती बिचारी रोज रिकामी होऊन घरी येते.

म्हणून घेताना १५० या आकड्यावर भाळू नका. २००० फेऱ्यांना किती देतो ते विचारा. काही मोठे डायनामो वर भरपूर देतात आणि खाली जुन्याइतकेच. तुमची गाडी उभी राहून काम करते, तुम्हाला खालचाच आकडा हवा.

पण सकाळच्या कट-कटचा मला वेगळाच संशय आहे. रस्त्यावर धावताना तरी बॅटरी भरायला हवी ना? ती का भरत नाही? पाना बाजूला ठेवा, मीटर घ्या. इंजिनाला २००० ची रेस, हेडलाइट, ब्लोअर, वर्क लाइट सगळं चालू. मीटरची एक पिन डायनामोच्या बी प्लसच्या नटावर (करंट बाहेर पडतो तो), दुसरी बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर वायरीत खोट. मग एक पिन डायनामोच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथेही तेच.

आणखी एक, जे तुमचा मेकॅनिक बोललेला दिसत नाही. बऱ्याच डिझेल पिकअपना ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर असतो, त्याच शाफ्टवर. मागे ऑइलची बारीक नळी येते, जाड नळी परत जाते, आणि तिसरा होज ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला. तुमच्या गाडीला असेल तर नवा डायनामोही पंपासकटच हवा. मी एकदा घाईत बिनपंपाचा बसवला होता. चार्जिंगचा दिवा विझला, चार्जिंग १४.३ व्होल्ट, मी खूश. गाडी आवारातच मागे घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं. हँडब्रेक ओढला म्हणून भिंत वाचली. त्या दिवसापासून काही काढायच्या आधी मागून फोटो काढतो.

फिरता_पाना
वायरमन काका, मोजलं. प्लसकडे ०.६, मायनसकडे ०.४. बॅटरीवर १३.३ आणि डायनामोच्या नटावर १४.३! म्हणजे तो देतोय, पोहोचतच नाहीये.

बी प्लसच्या वायरीच्या टोकाची लग उघडली तर आत हिरवी पूड. इंजिन ते चॅसी अर्थची पट्टी गिअरबॉक्सजवळ होती, तिचे निम्मे तार तुटलेले, उरलेले तेलात काळे. दोन्ही बदलल्या, बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घेतली. आता धावताना बॅटरीवर १४.२. आठवडा झाला, सेल्फ पहिल्या फटक्यात. इन्व्हर्टर मात्र उभ्या गाडीत अजून पडतोच.

आणि हो, पंप आहे. पाठीवरच.

जुना_वायरमन
बघा, निम्मं दुखणं तर विनाडायनामोचं गेलं.

आता उरलेल्यासाठी मोठा घ्याच, पण १५० नको. पंपासकट १२० चा त्याच ब्रॅकेटमध्ये मिळत असेल तर तो. कान आणि बोल्टमधलं अंतर जुळतंय का ते जुना शेजारी ठेवून बघा. पुली एका रेषेत नसेल तर पट्टा कडेनं झिजतो आणि काळी भुकटी उडते.

बी प्लसची वायर २५ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या. दहाच्या वायरीत दोन मीटरला १२० अँपिअरवर ०.४ व्होल्टच्या वर पडतं, पंचवीसच्या वायरीत ०.१७ च्या आसपास. १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ लावा, डायनामोजवळ नाही. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लावण्याइतका करंट बॅटरीतूनच येतो. अर्थची पट्टीही तेवढीच जाड. लोक प्लस बदलतात आणि मायनस विसरतात.

ताणाचं विचारलंत. १२० अँपिअर म्हणजे १७०० वॅटच्या जवळ. डायनामो त्यातलं बरंच उष्णतेत घालवतो, म्हणून इंजिनाकडून पावणेचार घोडे जातात. तेही पूर्ण लोड असेल तेव्हाच. डिझेल इंजिनाला त्याचं काही नाही, पट्ट्याला आहे. ग्राइंडर दाबल्यावर चीं आवाज आला तर ताण बघा.

उघडण्याआधी बॅटरीची मायनस काढा. बी प्लस चावी बंद असली तरी जिवंत असतो. पाना तिथे आणि बॉडीला एकदम टेकला तर तो तिथेच वेल्ड होतो.

मधलीलाइन
मध्येच एक. पुढे मागच्या बाजूला लिथियम बॅटरी टाकायचा विचार असेल तर ती थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट पिते. आयडलिंगला पूर्ण लोड आणि पंखा मात्र हळू, त्यात डायनामोतले डायोड भाजतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर ठेवा, म्हणजे ओढ बांधलेली राहते.

फिरता_पाना
लिथियमचं नंतर बघू. १२० चा बसला, पंपासकट. ऑइलची नळी जोडताना नवे वॉशर टाकले, पहिल्यांदा चालू केल्यावर ब्रेक तीनदा दाबून बघितला, मगच चाक हललं. काकांची भिंत डोळ्यांसमोर होती.

नुसत्या आयडलिंगला ग्राइंडर दाबला की अजूनही १२.६ वर येतं. पण हाताची रेस ओढून इंजिन १२०० वर ठेवलं की १३.४, आणि इन्व्हर्टर गप्प. काल तीन इंची पाइप सलग कापला.

एकच भानगड. आरपीएमचा काटा झोपलाय.

जुना_वायरमन
डब्ल्यूची वायर लावली का, काट्याकडे जाणारी? बारीक असते, डायनामोच्या मागे लोंबकळत असेल.

फिरता_पाना
लोंबकळतच होती. लावली, काटा उठला. पण आयडलिंगला ८०० च्या जागी ९०० च्या वर दाखवतोय. इंजिनाचा आवाज तर तोच आहे.

जुना_वायरमन
नवी पुली किती मिमीची?

फिरता_पाना
जुनी ६५, नवी ५७.

जुना_वायरमन
मग बरोबर. काटा इंजिन मोजत नाही, डायनामोची फिरत मोजतो. लहान पुली त्याला १४ टक्के जास्त फिरवते, ८०० चे ९१२ होतात. त्यामुळेच तर खाली जरा जास्त करंट मिळतोय. आणि हाताची रेस ओढताना १२०० काट्यावर बघितलं असेल तर आता १३७० पर्यंत ओढा, तेव्हा खरे १२०० होतील.

फिरता_पाना
नाही, तेव्हा काटा झोपलेलाच होता. कानानं ठेवले होते १२००. उद्या बघतो किती होते ते.